"आजी नुसत्या झोपून असतात" म्हणाले आणि सहाव्या दिवशी सेप्सिस: केअर होममध्ये इन्फेक्शन कळत कसं नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई 81 वर्षांची, तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिस होऊन डावी बाजू गेलेली, डायबिटीस आहे, पुण्याजवळच्या एका केअर होममध्ये 14 महिने होत्या. विचारणारी मुलगी न्यू जर्सीला, तिचा भाऊ बंगलोरला. पाच दिवस फोनवर उत्तर एकच, आजी झोपून असतात, जेवण कमी झालंय, वयोमानाने चालायचंच. सहाव्या दिवशी हाक मारून उठेचनात तेव्हा अँब्युलन्स बोलावली. कॅज्युअल्टीत कळलं की लघवीच्या इन्फेक्शनमधून सेप्सिस झालाय, म्हणजे इन्फेक्शन अंगभर जाऊन जिवावर बेतलंय, आणि कुशीवर वळवलं तर माकडहाडावर तळहाताएवढा बेडसोर, मधोमध काळा पडलेला. आता आयसीयूतून वॉर्डात आल्यात, पुढच्या आठवड्यात डिस्चार्ज म्हणतायत. तुम्ही विचारलंय हा निष्काळजीपणा म्हणायचा की वयामुळे होणारच होतं, आम्हाला आधी कळलं असतं का, आणि आता काय करू.

मी डॉक्टर नाही, सिस्टर आहे. 24 वर्षं मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयू केलं, आता 9 वर्षं घरोघरी आणि केअर होममध्ये जाऊन ड्रेसिंग, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी घालणं ही कामं करते. तुमच्या आईंना मी बघितलेलं नाही, तेव्हा जे सांगतेय ते तुम्ही लिहिलंय त्यावरून.

आधी बेडसोरचं बोलते कारण तिथे मला फारशी शंका नाही. मधोमध काळा पडलेला म्हणजे कातडीखालचा मांसल भाग मेलेला. हे एका रात्रीत होत नाही. हां, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, दाबामुळे आतलं मांस आधी मरतं आणि वर कातडीला जांभळट डाग दोन-तीन दिवसांनी दिसतो असंही होतं, आणि अगदी शेवटच्या दिवसांत असलेल्या पेशंटला कितीही कुशी बदलल्या तरी कधीकधी कातडी जातेच, म्हणून प्रत्येक बेडसोर म्हणजे गुन्हा असं मी कधीच म्हणत नाही. पण तुमच्या आई जेवत होत्या, ओळखत होत्या, 14 महिने बऱ्या होत्या. आणि मुख्य म्हणजे त्यांना डायपर होता असं तुम्ही लिहिलंय, कॅथेटर असला तरी शी साठी. डायपर बदलताना पेशंटला कुशीवर घ्यावंच लागतं आणि कुशीवर घेतलं की माकडहाड तुमच्या नाकासमोर येतं. दिवसातून तीन-चार वेळा. म्हणजे एक तर डायपर तितक्या वेळा बदललाच जात नव्हता, किंवा बदलणाऱ्या मावशीला दिसत होतं आणि तिने सांगितलं नाही, किंवा तिने सांगितलं आणि वरच्याने "पावडर लाव" म्हणून सोडून दिलं. माझ्या अनुभवात तिसरं सगळ्यात जास्त असतं. पावडर, स्पिरिटने चोळणं, मधे भोक असलेली हवेची रिंग, या तिन्ही गोष्टी अजून सर्रास चालतात आणि तिन्ही चूक आहेत. लाल झालेल्या हाडाच्या जागी चोळलं तर आतलं मांस आणखी फाटतं, आणि रिंगच्या कडेने रक्तपुरवठाच दाबला जातो.

सुरुवात ओळखायची पद्धत सोपी आहे. लाल जागेवर बोटाने दाबायचं, बोट काढलं की गोऱ्या कातडीवर तो भाग पांढरा होऊन परत लाल व्हायला हवा. पांढरा होत नसेल तर पहिली स्टेज. सावळ्या कातडीवर हे नीट दिसत नाही, तिथे हाताने बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक किंवा लिबलिबीत लागतंय का. या स्टेजला फक्त दाब काढला तरी बरं होतं, काही लावायची गरज नसते.

आता इन्फेक्शन. केअर होमवाले तुम्हाला म्हणाले "ताप नव्हता हो मॅडम", ते कदाचित खरंच बोलत असतील. म्हाताऱ्या माणसांत बऱ्याच वेळा गंभीर इन्फेक्शनमध्येही ताप चढतच नाही. तरुणाला 102, 103 येईल तिथे यांना 99. म्हणून अशा संस्थांमध्ये राहणाऱ्या वयस्कर लोकांसाठी तापाची व्याख्याच वेगळी धरतात, तोंडात थर्मामीटर ठेवून एकदा जरी 100 फॅरनहाइटच्या वर गेलं, किंवा परत परत 99 च्या वर दिसलं, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या टेंपरेचरपेक्षा 2 डिग्रीने जास्त असलं तर ताप समजायचा. आता नेहमीचं टेंपरेचर किती हे माहीत असायला आधी बरं असताना मोजलेलं पाहिजे ना! आणि आपल्याकडे मोजतात काखेत, काख हाडकुळी, थर्मामीटर अर्धं बाहेर. वर गुडघेदुखीसाठी रोज रात्री पॅरासिटामॉल चालू असेल तर उरलासुरला तापही झाकला जातो.

मग कशावरून कळतं? वागण्यावरून. काल स्वतः घास घेत होत्या, आज भरवावं लागतंय. काल सुनेला नावं ठेवत होत्या, आज गप्प. अचानक पडल्या. रात्री भलतंच बोलायला लागल्या, भिंतीवर माणसं दिसतात म्हणाल्या. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, आणि त्याचा एक शांत प्रकार असतो ज्यात पेशंट आरडाओरडा न करता नुसता मलूल होऊन पडतो. आरडाओरडा करणाऱ्या पेशंटसाठी डॉक्टरला फोन जातो कारण बाकीच्यांची झोपमोड होते, मलूल पडलेल्यासाठी कोणी फोन करत नाही कारण त्या दिवशी काम हलकं होतं. "आज आजी अजिबात त्रास देत नाहीयेत" हे वाक्य केअर होममध्ये कौतुकाने बोललं जातं, मला ते ऐकलं की पोटात गोळा येतो आणि मी आधी श्वास मोजायला बसते. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, छातीकडे बघत. मिनिटाला 25 च्या वर असेल तर काहीतरी शिजतंय, मग ऑक्सिमीटर काहीही दाखवो. श्वास मोजायला ना मशीन लागतं ना पैसे, आणि तरी सगळ्यात कमी मोजला जातो तोच. चार्टवर कुठेही बघा, सगळ्यांचा श्वास 18 किंवा 20.

बीपीचंही तसंच. तुमच्या आईंचं नेहमीचं 150 असेल आणि त्या दिवशी 110 आलं तर मावशी "नॉर्मल" म्हणून लिहिते, उलट खूश होते. 150 वाल्याला 110 म्हणजे पडलेलं बीपी. आणि डायबिटीसवाल्यांची शुगर, खाणं कमी झालेलं असताना 160 ची 280 झाली तर गोड कोणी दिलं हे शोधत बसतात, आत इन्फेक्शन आहे का हे आधी बघायला हवं.

लघवीबद्दल मात्र मला उलटी बाजूही सांगायची आहे, नाहीतर पुढे तुम्ही दर महिन्याला कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू शोधायची टेस्ट, करायला लावाल. कॅथेटर महिनाभर राहिला की त्या लघवीत जंतू असतातच, जवळपास प्रत्येकाच्या. रिपोर्टमध्ये पस सेल्स येणार, कल्चर पॉझिटिव्ह येणार, आणि पेशंट ठणठणीत असेल तर त्याला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. इथे मात्र रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्टरला जातो, तिकडून गोळीचं नाव येतं, पाच दिवस गोळी, पुढच्या महिन्यात परत तेच. असं वर्षभर केलं की खरंच सेप्सिस होतो तेव्हा साधी औषधं लागू पडत नाहीत आणि थेट मेरोपेनेमसारख्या भारी अँटिबायोटिकवर जावं लागतं. म्हणजे त्याच केअर होममध्ये एका आजीला गरज नसताना तीन कोर्स झालेले असतात आणि शेजारच्या कॉटवरची आजी खऱ्या इन्फेक्शनने पाच दिवस विनाऔषध पडलेली असते. दोन्हीचं कारण एकच, कागदाकडे बघितलं, माणसाकडे नाही. तेव्हा भांडताना "मागच्या महिन्यात कल्चर पॉझिटिव्ह होतं आणि औषध दिलं नाही" हा मुद्दा धरू नका, तो टिकणार नाही. "पाच दिवस जेवण आणि शुद्ध कमी होत गेली आणि डॉक्टरने येऊन तपासलं नाही" हा धरा.

आणि कॅथेटर होता कशाला मुळात? हे नक्की विचारा. लघवी अडकत होती म्हणून, की बेड ओला होतो म्हणून? दुसरं कारण असेल तर ती पेशंटची गरज नव्हती, स्टाफची सोय होती. मी कितीतरी ठिकाणी बघते, युरोबॅग म्हणजे लघवीची पिशवी जमिनीवर लोळतेय, नळी मांडीखाली दबलीय, व्हीलचेअरवर घेताना बॅग उचलून पोटावर ठेवतात म्हणजे बॅगेतली लघवी परत आत. साधा लॅटेक्सचा कॅथेटर दोन-चार आठवड्यांत बदलायचा असतो, तो तीन महिने तसाच. नळीत पांढरा साका. एक गोष्ट तर कोणी बाहेर बोलत नाही ती मी बोलते, बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी पाचनंतर पाणी देत नाहीत. रात्री डायपर बदलावा लागू नये म्हणून. या वयात तहान मुळातच कमी लागते, मागून पीत नाहीत, आणि पाणी कमी पडलं की लघवी घट्ट, आधी इन्फेक्शनला आमंत्रण आणि मग किडनीवर ताण.

हे वाचून मावशीला शिव्या द्याव्याशा वाटतील, पण थांबा, एक हिशोब करा. दहा पेशंट पूर्ण बेडवर आहेत, प्रत्येकाची दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे दिवसाला 120 वेळा. एकेका वेळेला पाच मिनिटं धरली तर 600 मिनिटं, दहा तास, आणि 70 किलोच्या माणसाला न घासता वळवायला दोघं लागतात म्हणजे वीस तासांचं काम. हे फक्त कुशी बदलणं झालं, भरवणं, आंघोळ, डायपर, औषधं वेगळीच. रात्री ड्यूटीला असते एक मावशी, ब्यूरोमधून आलेली, 12 तासांची पाळी, दोन महिन्यांपूर्वी कुठेतरी घरकाम करत होती, ट्रेनिंग म्हणजे आधीच्या मावशीने दाखवलं ते. ती रात्रीत प्रत्येकाची 6 वेळा कूस बदलणार नाही, बदलू शकणारच नाही. पण चार्टवर 6 टिक असतात. त्या टिक करायला सांगतो तो मालक, आणि तिथे माझा राग आहे.

चार्टवरून आठवलं. एका ठिकाणी मी ड्रेसिंगला जायचे, तिथले एक काका न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलला ॲडमिट झाले. दोन दिवसांनी मी दुसऱ्या पेशंटसाठी गेले तर टेबलावर काकांची फाईल उघडी होती आणि त्यात त्या दोन्ही दिवसांचं बीपी 120/80, टेंपरेचर नॉर्मल, डायट टेकन वेल. माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर, आणि इकडे डायट टेकन वेल! मी विचारलं तर इन्चार्ज म्हणाली, अहो सिस्टर, आम्ही सगळ्यांचं एकदम सकाळीच लिहून टाकतो. तिला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं.

म्हणून तुम्ही आता पहिलं काम हे करा, फाईल मागा. भांडण सुरू करायच्या आधी, गोड बोलून, "इथल्या डॉक्टरांना हवीय" म्हणून, आणि ते खरंही आहे. टीपीआर-बीपीचा (ताप, नाडी, श्वास, बीपी) चार्ट, शुगरची वही, कूस बदलल्याचा चार्ट असेल तर तो, औषधांचा कागद, डॉक्टर व्हिजिटच्या नोंदी, त्या आठवड्याचा ड्यूटी रोस्टर. फोटो नको, झेरॉक्स, शिक्क्यासह. सलग पंधरा दिवस एकाच पेनने एकाच हाताने लिहिलेलं आणि आकडे तेच असतील तर तुम्हाला वेगळा पुरावा शोधायची गरज नाही. जे डॉक्टर व्हिजिटला यायचे त्यांच्याकडे लेखी मागणी केली तर 72 तासांत रेकॉर्ड देणं मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. आणि तुमचे स्वतःचे व्हॉट्सॲप मेसेज, कॉलच्या तारखा, "चालायचंच" वाले ऑडिओ डिलीट करू नका.

दुसरं, आत्ता ज्या हॉस्पिटलमध्ये आहेत त्यांच्याकडून डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या की बेडसोर ॲडमिशनच्या वेळीच होता, कुठे, कितवी स्टेज, लांबी-रुंदी किती सेंटिमीटर. शेजारी पट्टी धरून तारखेसह फोटो. ते आनंदाने लिहितील कारण त्यांना स्वतःवर बालंट नको असतं. तुमच्या अमेरिकेत तर ऑक्टोबर 2008 पासून हॉस्पिटलमध्ये झालेल्या तिसऱ्या-चौथ्या म्हणजे खोल स्टेजच्या बेडसोरचे जास्तीचे पैसे मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, देत नाही, त्यामुळे तिथे पेशंट दारातून आत आला की आधी पाठ बघतात. तिथे 1987 पासून नर्सिंग होमसाठी केंद्राचा कायदा आहे, तपासणीचे रिपोर्ट कोणालाही वाचता येतात, तरीसुद्धा बेडसोर होतातच, तेव्हा आपल्याकडे काहीच नाही आणि तिकडे सगळं छान असं नाही. पण निदान वाचता तरी येतं.

आपल्याकडे घोळ शब्दापासूनच आहे. नर्सिंग होम म्हटलं की आपल्याला कोपऱ्यावरचं दहा बेडचं हॉस्पिटल, सिझेरियन होतं ते. त्यांच्यासाठी 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. केअर होम मात्र कोणी ट्रस्ट म्हणून, कोणी शॉप ॲक्टवर, कोणी नुसत्या भाड्याच्या बंगल्यात. त्या कायद्याच्या व्याख्येत आजारी आणि दुर्बल माणसांना ठेवून शुश्रूषा करणारी जागाही येते, तेव्हा कॅथेटर, राइल्स ट्यूब, इन्सुलिन सगळं करणारी संस्था "आम्ही फक्त राहायची सोय करतो" म्हणून अंग काढून घेत असेल तर महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडे लेखी विचारा की हिची नोंदणी आहे का. त्या एका पत्रानेही बरंच हलतं.

तक्रारीचं म्हणाल तर मी वकील नाही, चांगला वकील गाठा, पण एवढं माहीत ठेवा. पैसे घेऊन सेवा दिलीय म्हणजे ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षं. फॉर्मवर "काही झाल्यास संस्था जबाबदार नाही" अशी सही केलीय म्हणून घाबरू नका, त्या सहीने निष्काळजीपणा माफ होत नाही. भारतीय न्याय संहितेत 357 नंबरचं एक कलम आहे, असहाय माणसाची देखभाल करायचा करार करून ती मुद्दाम न केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा किरकोळ आहे, पण पोलीस चौकीत "ही तर सिव्हिल मॅटर आहे" असं ऐकवलं तर या कलमाचं नाव घ्या. ज्येष्ठांची 14567 हेल्पलाइनही आहे, तिथे नोंद करून ठेवा.

आता पुढचं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण आई आहेत. हॉस्पिटलमध्ये असतानाच सर्जनला विचारा काळा भाग काढायचाय का, तो तसाच ठेवून घरी पाठवलं तर खालून पस होत राहतो. कॅथेटर काढून बघता येईल का विचारा. जखम भरायला प्रोटीन लागतं, किडनीचे रिपोर्ट दाखवून डाएटिशियनकडून ठरवून घ्या, नुसत्या पेजेवर जखम भरत नाही. टाचांखाली उशी नको, पोटरीखाली, म्हणजे टाच हवेत राहते. एकदम आडव्या कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं, म्हणजे खुब्यावर वजन येत नाही. भरवताना बसवून, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आणि दात घासा. हसू नका, जपानमध्ये 11 नर्सिंग होममध्ये दोन वर्षं हाच प्रयोग केला होता, 2002 मध्ये छापून आला, जेवणानंतर तोंड साफ करून दिलं त्यांच्यात न्यूमोनिया 11 टक्के लोकांना झाला, बाकीच्यांत 19. कवळी रात्री काढून ठेवायची.

परत त्याच संस्थेत पाठवू नका हे सांगायला नकोच. नवीन जागा बघायला भावाला पाठवा, पण सकाळी अकराला अपॉइंटमेंट घेऊन नाही, रात्री साडेआठला, न सांगता. आत शिरल्यावर वास कसला येतो, पाण्याचा ग्लास हाताला पोचतो का, युरोबॅग कुठे टांगलीय, रात्री किती पेशंटना किती माणसं. मालकाला एकच प्रश्न, मागच्या वेळी इथून पेशंट हॉस्पिटलला गेला तेव्हा कोणाच्या काय लक्षात आलं होतं आणि किती तासांत हलवलं? ज्याच्याकडे खरी पद्धत आहे तो लगेच गोष्ट सांगायला लागतो, दुसरा "आमच्याकडे चोवीस तास डॉक्टर ऑन कॉल आहेत" म्हणतो. ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, दोन वेळचं जेवण गेलं किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपल्या तर त्याच दिवशी डॉक्टर येऊन बघणार आणि घरच्यांना फोन जाणार.

तुमच्या व्हिडिओ कॉलबद्दल शेवटचं. कॉलच्या आधी केस विंचरतात, पावडर लावतात, फोन चेहऱ्यासमोर धरतात आणि तुम्ही "आई छान दिसतेस" म्हणून ठेवता. आठवड्यातून एकदा आईंना विचारून, फक्त तुम्ही आणि मावशी असताना, टाचा आणि पाठ दाखवायला सांगा. एक मिनिट फोन स्थिर धरायला लावून छाती किती वेळा वरखाली होते ते मोजा. मावशीला नावाने हाक मारा, तिचा नंबर घ्या, आणि तिला सांगून ठेवा की काही वेगळं वाटलं तर मिस्ड कॉल दे, तुला कोणी काही बोलणार नाही याची जबाबदारी माझी. मला आजवर वेळेत जे फोन आले ते बहुतेक अशा मावश्यांचेच होते, इन्चार्जचे नाही.

आणि एअर बेड डिस्चार्जच्या दोन दिवस आधीच मागवा, भाड्याने मिळतो. कॉम्प्रेसर वजनाप्रमाणे सेट करायचा असतो, तो सगळीकडे फुल्लवर ठेवलेला असतो आणि मग ती गादी फळीसारखी कडक होते. माकडहाडाखाली हात घालून बघा, हाड गादीच्या तळाला टेकत नाही ना. वीज गेल्यावर गादी किती वेळात बसते तेही बघून ठेवा. आणि एअर बेड असला तरी कूस बदलावी लागतेच, हे नवीन जागी पहिल्याच दिवशी सांगा, कारण "आता एअर बेड आहे ना" हे तुम्हाला तिथेही ऐकायला मिळणार आहे.